तोंडाला रंग लागला की

आमच्या घरात साडी नेसणारी माणसं दोन होती, माय आणि बाबा, आणि खरं सांगायचं तर ती बाबांना जास्त शोभायची. मायलाही ते मान्य होतं. बाबा वर्षभर महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या वांकिडीच्या तहसील कचेरीत अटेंडर होते. खाकी सदरा, खाकी पँट, साहेबांच्या टेबलावर फायली ठेवायच्या आणि पाण्याचा गिलास झाकायचा. पण कापूस घरात आला, लोकांच्या हातांना जरा सवड मिळाली, की आमच्या वस्तीचं नाटक मंडळ गावोगाव निघायचं आणि त्या मंडळाची नायिका म्हणजे शालिक अटेंडर. वीस वर्षं मंडळाला दुसरी नायिका माहीत नव्हती. मायची निळी साडी, जी तिनं स्वतः फार तर चार वेळा नेसली असेल, ती बाबांच्या अंगावर पंचवीस गावं फिरून आली होती. वस्तीत लग्न असलं की बाया मायला नव्हे, बाबांना हाक मारायच्या, "शालिकभाऊ, निऱ्या पाहून घ्या न जरा." मग बाबा खाकी कपड्यांत दाराबाहेर पाठमोरे उकिडवे बसत आणि आत न बघता सांगत, "तिसरी निरी ढिल्ली झाली, पुन्हा घाल." साडीच्या आवाजावरून त्यांना कळायचं. मी कितीदा तरी आत जाऊन पाहिलं आहे, तिसरीच ढिली असायची.

नाटकाचे दिवस जवळ आले की घराचा सकाळचा आवाज बदलायचा. एरवी आमच्याकडे सकाळ म्हणजे भाकरी थापल्याचा आवाज आणि मायचं बोलणं, दोन्ही एका लयीत. त्या दिवसांत त्याच्या आधी बाबा उठत, ज्वारीची कोमट आंबील लसूण घालून पीत, परसात जात आणि "आ" लावत. तो "आ" शेजारच्या लक्ष्मी अक्कांची म्हैस उत्तर देईपर्यंत चालायचा. अक्का तेलुगू घरातल्या, त्यांना आमच्या नाटकातलं अक्षर कळायचं नाही, पण म्हशीनं ज्या दिवशी उशिरा उत्तर दिलं त्या दिवशी त्या कुंपणावरून विचारायच्या, "अन्ना, गळा बरा नाय का?" लोणचं बंद, चिंच बंद, आणि अंबाडीची भाजी केली तर बाबा ती आमच्या ताटात पाहत बसायचे. माय म्हणायची, "आमच्या घरी हिरोईनचा उपास असते बाप्पा."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका संध्याकाळी देवाजी मास्तर आले. मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि मंडळाची नाटकं तेच लिहायचे, तेच बसवायचे, आणि प्रयोगात पेटीही तेच वाजवायचे. ते बाजेवर बसले आणि दोन भाकरी जेवले. एरवी एकच खायचे. माय नंतर म्हणाली की तिला दुसऱ्या भाकरीलाच कळलं होतं, काहीतरी वाईट आहे.

"शालिक," मास्तर हात धुऊन म्हणाले, "लोकं आता खरी बाई मागून राह्यले."

"मंग मी काय खोटी व्हतो?" बाबा म्हणाले.

माय फसकन हसली. मास्तर हसले नाहीत. पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या मंडळांनी बाया आणल्या होत्या आणि मागच्या खेळाला बाबा रडताना पुढची पोरं हसत होती. बाबांनी ते ऐकलं होतं, फक्त घरी सांगितलं नव्हतं. ते बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. मास्तर म्हणाले की बाहेरची बाई आणली तर आपलं नाटक आपलं राहणार नाही. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी सतरा-अठरा वर्षांची होते, इंटर, म्हणजे बारावी, झाली होती, आणि त्या वेळी सुपात तूर घेऊन खडे काढत होते. "कुंदा काऊन नाई?" मास्तर म्हणाले.

माझा आवाज त्या वयात असा होता की मी दारात उभी राहून भाजीवाल्याला हाक मारली तर तो पुढच्या गल्लीत पोचलेला असायचा. मायनं लगेच ते सांगितलंही. पण बाबाच म्हणाले, "कुंदाले मी शिकवतो." त्यांनी ते इतक्या पटकन म्हटलं की मला वाटलं, त्यांना काहीच वाटलं नसेल. त्या वयात आईबापांना काय वाटतं हे आपल्याला कळतं असं वाटत असतं.

मास्तरांनी लगेच वाटणी केली. अकरा वर्षं चाललेलं त्यांचं तेच नाटक, शिकू पाहणाऱ्या मुलीचं. मुलगी मी. आणि मुलीचा बाप, म्हणजे मिशीवाला, धोतर नेसणारा, आधी नाही म्हणणारा आणि शेवटी लेकीला शहरात शिकायला पाठवणारा, ते काम बाबांना. "पण शालिक, मरद दिसला पाह्यजे," मास्तर निघताना म्हणाले. "या खेळात जमलं तं तुयी जागा पक्की. नाई जमलं तं मंग तुले पडदा ओढाले ठेवतो, वाईट वाटून घेऊ नको." बाबा "नाई नाई" म्हणाले. पडदा ओढणारे बाबा कसे दिसतील हे आमच्या घरात कुणालाच डोळ्यांपुढे आणता येईना, आणि त्या रात्री भाकरी कुणी धड खाल्ली नाही.

माझं शिक्षण काकाच्या वावरात सुरू झालं. ज्वारी कणसावर आली होती आणि भोरड्यांचे थवेच्या थवे उतरत होते. ज्यानं भोरड्या पाहिल्या नाहीत त्याला सांगते, गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाखरं, शेकड्यांनी येतात आणि तासाभरात वावर साफ करतात. काकाला राखणीला माणूस हवा होता आणि बाबांना शाळा हवी होती. बाबांनी मला मचाणावर चढवलं, गोफण काढून घेतली आणि सांगितलं, "नाटकातलं बोल. फक्त बोलून पाखरं उठव." मी बोलले. पाखरं खात राहिली. मी ओरडले. दोन उठली आणि पुन्हा बसली. बाबा खालून म्हणाले, "गळ्यातून नको बोलू, घसा फाटन अन् पाखरू बी उठनार नाई. पाखराले शब्द समजत नाई, पन आवाज खोटा असला तं त्याले बरोबर समजते." मग त्यांनी माझ्या पोटावर लुगड्याचं एक फाडकं घट्ट बांधलं आणि सांगितलं, बोलताना हे फाडकं ताणलं पाहिजे. चार दिवस मी त्या मचाणावरून पोटातून ओरडत होते, "बाबा, माझं लग्न लावू नका. मला शिकू द्या, बाबा."

पाचव्या दिवशी तिथून गिरदावर साहेब चालले होते. गिरदावर म्हणजे पटवाऱ्यावरचा अंमलदार, शिवार बघत फिरणारा. पोटाला पट्टा आवळलेली एक पोरगी मचाणावर उभी राहून लग्न लावू नका म्हणून आक्रोश करते आहे आणि खाली त्यांचाच अटेंडर कमरेवर हात ठेवून "आनखी जोरानं" म्हणतो आहे, हे त्यांनी पाहिलं. ते बांध ओलांडून तरातरा आले. "शालिक, शरम नहीं आती क्या तेरेकू? बच्ची को काहे को सता रा रे?" बाबांनी हात जोडले, रियाज आहे, नाटक आहे, सगळं सांगितलं. साहेबांचा विश्वास बसेना. शेवटी बाबा म्हणाले, "कुंदे, साहेबाइले पूरा दाखव." मी अख्खा प्रवेश म्हटला. शेवटच्या वाक्याला वावरातला सगळा थवा एकदम उठला, आभाळ गुलाबी झालं आणि साहेब रुमालानं डोळे पुसायला लागले. जाताना त्यांनी बाबांना बजावलं, "फिर भी, शादी की जल्दी मत करो." त्यांचा संशय पुरता फिटला असं मला आजही वाटत नाही.

चालायला त्यांनी मला पराटीत, म्हणजे कपाशीच्या उभ्या झाडांत, शिकवलं. कापूस वेचून झाला की झाडावर नुसती वाळकी बोंडं राहतात, सुईसारखी टोकदार. त्या ओळींतून साडी नेसून चालायचं, आणि साडीला एकही बोंड अडकता कामा नये. मी सरळ चालले की पदर अडकला, जपून चालले की मागचा घोळ अडकला. बाबा धोतर वर खोचून पुढं होत आणि जरा आडवं होऊन, कमरेतून वळत, ओटीत कापूस भरलाय अशा बेतानं पराटीतून निघून जात. त्यांची आई आयुष्यभर दुसऱ्यांचा कापूस वेचायची. बाबांची नायिका नाटकात कुणीही असो, सावकाराची लेक असो की मास्तरीण, ती चालायची आजीसारखी. हे मला तेव्हा कळलं आणि मी त्या दिवसापासून साडीला बोंड लागू दिलं नाही. मायनं मात्र साडी तपासली आणि मग दोघांनाही जेवताना ऐकवलं.

आता मी मावला गावात राहते आणि दर रविवारी एका सभागृहात नटांचे वर्ग घेते. आवाज आणि हालचाल. येणारी मंडळी शिकाऊ नाहीत, प्रयोग करणारी माणसं आहेत, कुणी शिक्षक, कुणी कारकून, एक तर भाजीचा मळा सांभाळून येतो. बहुतेकांचे खांदे खुर्चीत बसून बसून कानाला लागलेले. परवा एकीनं विचारलं, "मॅडम, तुमची पद्धत कोणाची?" मी म्हटलं, भोरड्यांची. तिनं वहीत लिहून घेतलं. मला वाटतं तिनं मोबाइलवर शोधूनही पाहिलं असेल.

तर माझं जमत आलं, आणि बाबांचं बिघडत गेलं. वाचणाऱ्याला वाटेल, पुरुषानं पुरुषासारखं चालायचं, त्यात काय अवघड. घरात तर बाबा फर्मास करायचे. मी म्हटलं, गिरदावर साहेब धरा, हात मागं, पोट पुढं, प्रत्येक पाऊल जमीन मोजल्यासारखं. बाबांनी चुलीपासून दारापर्यंत असा गिरदावर चालवला की मायच्या हातातली पळी वरणात पडली. पण तालमीत मास्तरांनी त्यांच्या तोंडाला रंग लावला, मिशी चिकटवली, आणि बाबा मिशीसकट लचकत आले. मानही तशीच तिरपी. त्यांना स्वतःला ते कळत नव्हतं. "कसा चाललो?" त्यांनी विचारलं. पेटीवर बसलेले मास्तर पेटीच्या पट्ट्या मोजत होते. वीस वर्षं रंगाचा वास आला की अंगानं बाईचं व्हायचं, हे त्या अंगाला पाठ झालं होतं, आणि रंग लावल्याशिवाय नाटक होत नाही.

तेव्हा मी मास्तरीण झाले. आठवडाभर, मी ठरवलं, बाबांनी सकाळीच रंग लावायचा, मिशी लावायची आणि त्या तोंडानं फक्त पुरुषाची कामं करायची. ते लाकडं फोडत, मी शेजारी उभी राहून "कंबर, बाबा, कंबर" म्हणत असे. ते गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीवर गेले. गिरणीवाला त्यांच्याकडे पाहत राहिला आणि डबा भरून पीठ जमिनीवर सांडलं. लक्ष्मी अक्का कुंपणावर आल्या. "एमैंदन्ना? काय झालं? घरी लगीन हाय का?" बाबा मिशीतून गंभीरपणे म्हणाले, "नाई अक्का, पोरीनं शाळेत घातलं." आठव्या दिवशी ते अंगणातून गिरदावरासारखे चालले, रंगासकट, प्रत्येक पाऊल तुळईसारखं जड टाकत. मायनं टाळी वाजवली. बाबांनी मात्र मिशी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "कुंदे, चालनं जमते. पन तुये शब्द आले का माये ओठ हालतात. अकरा वर्ष ते मीच बोलून राह्यलो न." मी म्हटलं, ओठ घट्ट मिटून ठेवा. याहून चांगला सल्ला मला सुचला नाही.

खेळ एका गावात होता, विहाराच्या उद्घाटनाला. पाहुण्यांना शेवटची बस गाठायची होती म्हणून नाटक दुपारी तीनला. विहारापुढं मांडव, शेजारी मोठं कडुलिंबाचं झाड, आणि रंगमंचाच्या मधोमध वरून लोंबणारा एकच माइक. त्या काळी आमची अर्धी हालचाल म्हणजे माइकखाली येणं, बोलणं आणि दुसऱ्याला जागा देऊन मागं सरकणं. बुद्धवंदना झाली, पडदा उघडला. माझ्या पोटावर ते फाडकं बांधलेलं होतं. पहिल्या वाक्याला मागच्या ओळीतली बाळं रडायची थांबली. बाबांची एन्ट्री झाली, हात मागं, पोट पुढं. विंगेत पेटीवर बसलेले मास्तर मान डोलावू लागले. दोन अंक नीट गेले. मिशी जागेवर, कंबर जागेवर. मी मनात म्हटलं, आता फक्त शेवटचा प्रवेश.

शेवटच्या प्रवेशात मुलगी ट्रंक घेऊन उंबरठ्याशी उभी राहते आणि म्हणते, "बाबा, निघते मी. या घरानं मला अंगाखांद्यावर खेळवलं. आता उंबरठा ओलांडायची आज्ञा द्या." बाप म्हणतो, "जा लेकी. मागं वळून बघू नकोस. तुझी जागा आहे तिथंच राहील." मुलगी जाते, बाप एकटा उरतो, पडदा. पेटीनं सूर धरला. मी श्वास घेतला, ट्रंक उचलायला वाकले, आणि माझ्या डोक्यावरून, माइकखालून, बाईचा आवाज आला.

"बाबा, निघते मी."

बाबा. मिशी, धोतर, पागोटं, आणि नायिकेचा आवाज, वीस वर्षांचा. मांडवात आधी एक जण हसला, मग सगळा मांडव. मी वर पाहिलं. बाबांना कळलं होतं. रंगाखाली त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला, आणि पडद्याची दोरी दिसली, विंगेत लोंबणारी. ते थांबू शकले असते, खोकून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे भरलेले, आणि पुढचं वाक्य पूर्ण म्हटलं. "या घरानं मला अंगाखांद्यावर खेळवलं. आता उंबरठा ओलांडायची आज्ञा द्या." त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ते मास्तरांच्या नाटकातल्या घराबद्दल बोलत नव्हते, ते त्या फळ्यांबद्दल बोलत होते ज्यांवर आम्ही उभे होतो. हसू हळूहळू विझलं.

आता बोलायचं मला होतं, आणि माझे शब्द तर संपले होते. म्हणून मी बापाचे घेतले. आठ दिवस मीच ते त्यांच्याकडून घोटून घेतले होते. मी हात मागं बांधले, पोटातून आवाज काढला, फाडकं ताणलं गेलं आणि गाठ सुटली. "जा," मी म्हटलं. "मागं वळून बघू नका. तुमची जागा आहे तिथंच राहील."

बाबांनी माझ्या पायाशी असलेली ट्रंक उचलली, उंबरठ्याला हात लावून नमस्कार केला आणि गेले. कसे गेले विचाराल तर, आजीसारखे गेले. मी रंगमंचावर एकटी उरले. पडदा पडला, आणि पडद्यामागं देवाजी मास्तर दोन्ही हातांनी डोकं धरून उभे होते. "अरे, पोरगी शिकाले जानार व्हती," ते कळवळून म्हणाले, "बापच शिकाले गेला न लेको. आता काय तोंड दाखवू?"

तोंड दाखवावं लागलं, कारण टाळ्या थांबेनात. पुढं बसलेली एक म्हातारी शेजारणीला मोठ्यानं सांगत होती, "बरं झालं बाई. बाप शिकला तं पोरीले कोन अडवते?" त्यानंतर प्रमुख पाहुणे भाषणाला उठले आणि म्हणाले की प्रौढ शिक्षणाचा इतका धाडसी संदेश देणारं नाटक त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. वय झालेल्या बापानं लेकीची आज्ञा घेऊन शाळेत जाणं, ही कल्पना ज्या लेखकाला सुचली त्याचा त्यांनी शाल देऊन सत्कार केला. मास्तरांनी शाल घेतली. दोन शब्द बोला म्हटल्यावर ते म्हणाले की ही कल्पना त्यांच्या मनात फार वर्षांपासून घोळत होती. त्यानंतर ते नाटक आम्ही कायम तसंच केलं, आणि बापाचं काम बाबांशिवाय दुसऱ्या कुणाला देता येईना, कारण तसा निरोप घेणं मंडळात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

बसमध्ये बाबा ट्रंक मांडीवर घेऊन बसले होते. मिशी काढायची राहून गेली होती. मी विचारलं, "बाबा, थांबले काऊन नाई तुमी?"

"थांबलो असतो तं पुन्हा कधी बोलाले भेटलं असतं?" ते म्हणाले. थोड्या वेळानं खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तू 'जा' म्हटलं न, तवा लिंबावरच्या साळुंक्या उठल्या. मी माइकखालून पाह्यलं." माझ्या कामाबद्दल ते आयुष्यात एवढंच बोलले.

घरी आल्यावर त्यांनी ट्रंक उघडली. आत, धोतराच्या खाली, मायची निळी साडी होती, नीट घडी घालून. ती त्या खेळात लागणार नव्हती. काही बिघडलंच तर असावी म्हणून त्यांनी बरोबर नेली होती, आम्हाला कुणाला न सांगता. त्यांनी ती मायपुढं धरली. "घे. आता हे तुयी."

मायनं साडी घेतली, कडेवरून हात फिरवला, एक सुटलेला धागा दातानं तोडला. मग ती तशीच त्यांच्या हातात परत दिली. "उद्या कुंदाच्या मावशीकडं जेवाले जाचं हाय," ती म्हणाली. "मले नेसवून द्या. माया निऱ्या सरळ येत नाई, तुमाले माईत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाराबाहेर पाठमोरे बसले आणि माय आत निऱ्या घालत राहिली. तिसरी ढिली होती. तिनं ती मुद्दाम ढिली ठेवली होती, हे मी आत उभी होते म्हणून मला माहीत आहे.